तोल्किनची खुर्ची

खुर्ची कुठे ठेवायची, यावरून सकाळीच वाजलं.

हलीमाचं म्हणणं, नेहमीच्या जागी. द्राक्षाच्या वेलाखाली, दस्तरखानाच्या, म्हणजे जेवणासाठी अंथरलेल्या कापडाच्या, वरच्या अंगाला. एर्गश म्हणाला, ठेवायचीच नाही. एवढं बोलून त्याने झारा कढईच्या काठावर आपटला आणि पुन्हा गाजरं परतायला लागला. पुलाव करायचा तो पुरुषांनी, आणि कढईपाशी उभ्या असलेल्या एर्गशशी वाद घालू नये, हे हलीमा लग्नाच्या पहिल्या वर्षातच शिकली होती. तरी तिने विचारलंच, मग भाऊजींनी बसायचं कुठे.

"आपण बसतो तिथे," एर्गश म्हणाला. "आज व्याही येतायत. माझ्या अंगणात एक जण वर आणि बाकीचे त्याच्या पायाशी, हे आज मला नको."

हलीमा आत गेली. मधली भिंत आमची आणि त्यांची एकच, त्यामुळे मला हे ऐकू आलं. थोड्या वेळाने मलाही जेवायला बोलावणं आलं. पुढचं मी डोळ्यांनी बघितलंय, आणि कुणाच्या मनात काय चाललं होतं ते ज्याने त्याने नंतर आपणहून सांगितलंय. आमच्या गुलतेपा गावात कुणाच्या पोटात काही राहत नाही. राहिलं ते एकट्या तोल्किनच्या.

खुर्ची म्हणजे काही सिंहासन नव्हतं. अक्रोडाच्या लाकडाची, सरळ पाठीची, एक पाय किंचित आखूड, आणि त्या पायाखाली कायमचा एक चपटा दगड. तोल्किन घरी आला की ती कोठीतून बाहेर यायची, तो गेला की परत आत. मधल्या काळात तिच्यावर कुणी बसायचं नाही. एकदा विजेचा मीटर बघायला आलेला माणूस नकळत टेकला, तर होजर आयाने त्याला उठवून ओट्यावर बसवलं. चहा मात्र दोनदा पाजला.

होजर आया म्हणजे एर्गशची आणि तोल्किनची आई; आमच्याकडे आईला आयाच म्हणतात. हे घर रोटीवाल्यांचं. तिचा नवरा मामतकुल, त्याचा बाप, त्याचाही बाप, सगळे तंदुरात हात घालून जगले, आणि आता एर्गश जगतो. रोटी खाली पडली तर आम्ही सगळेच उचलून कपाळाला लावतो, उलटी कुणी ठेवत नाही. पण मामतकुलच्या घरी हे सगळं जरा जास्तच कडक. रोटी मांडलेल्या दस्तरखानाकडे पाय पसरणाऱ्या एका पाहुण्याला त्याने चांगल्या भरल्या ताटावरून उठवलं होतं. तो पाहुणा त्याचा सख्खा मेहुणा होता.

अशा घरातून तोल्किन निघाला तो चेंडूच्या मागे. मामतकुलला ते कधीच पटलं नाही. निघायच्या दिवशी तंदुरापाशी उभा राहून, न वळता, तो पोराला म्हणाला होता की हातावर जगायचं सोडून पायावर जगायला चाललायस, एक दिवस पायच घालवून बसशील. होजर आयाने रिवाजाप्रमाणे ताज्या रोटीचा एक घास पोराकडून चावून घेतला आणि उरलेली रोटी आपल्या खोलीत खिळ्याला टांगली. परत येऊन त्यानेच ती संपवायची. तो आला, चहात बुडवून संपवली, पुन्हा गेला. पुन्हा नवी रोटी, पुन्हा नवा खिळा. आया हिशेब शहरांच्या नावांनी ठेवत नाही. ताश्कंद तिच्या लेखी पहिले दोन खिळे, मॉस्को तिसरा, कारागंडा चौथा. दुशान्बेत त्याने चषक जिंकला तेव्हा ती गल्लीभर सांगत फिरली की पाचव्या खिळ्यावर असताना माझ्या पोराने नाव काढलं.

आणि तो गोल. आमच्याकडे 'तो गोल' म्हटलं की कुणी 'कुठला' असं विचारत नाही. ताश्कंदचं मैदान, बर्फ भुरभुरत होता, समोर युक्रेनहून आलेला तगडा संघ. मध्यंतराच्या जरा आधी तोल्किन असा कोसळला की त्याला उचलून न्यावं लागलं. संपलं, असं आम्ही धरून चाललो होतो. मध्यंतरानंतर बघतो तर हा आपला बाहेर येतोय, गुडघ्याला ही जाड पट्टी. आणि शेवटी शेवटी त्याच पायाने त्याने जो फटका मारला, तो आठवला की अजूनही माझ्या अंगावर काटा येतो. तेव्हा गल्लीत टीव्ही फक्त आमच्या घरी. मामतकुल आत आला नाही, दारातच उभा राहिला, पिठाचे हात लांब धरून. गोल झाल्यावर तो वळला, दुकानातल्या सगळ्या रोट्या टोपलीत भरल्या आणि दारोदार वाटत सुटला. रोटी देताना प्रत्येक दारात तो एवढंच म्हणाला, माझ्या धाकट्याकडून.

त्या गोलानंतर तोल्किन फार खेळला नाही. तिशीच्या आतच प्रशिक्षक झाला. आम्ही म्हणायचो, डोकंच असं आहे, पायांना किती दिवस राबवणार. आणि डोकं होतंच. कारागंडात खाणीतल्या पोरांचा संघ तळाला गेलेला, तो याने वर काढला. दुशान्बेत म्हणे अंतिम सामन्याच्या मध्यंतराला हा एक अक्षर बोलला नाही, डाळिंब सोलून एकेकाच्या तळहातावर दाणे ठेवत गेला, आणि पोरं बाहेर पडली ती समोरच्यांना चेंडू बघू देईनात. खरंखोटं कोण जाणे. पण तो रस्त्याने चालला की आमच्या चहाच्या दुकानात आवाज आपोआप खाली यायचा, हे मी शपथेवर सांगेन. तीन वर्षांपूर्वी तो गावी परतला आणि आपल्या 'पाख्ताची' संघाचा प्रशिक्षक झाला. कापसाच्या गिरणीचा मरतुकडा संघ तो. खुर्चीवरून वाजलं त्या दिवशी दुपारी तोच संघ वरच्या दर्जात जायचा निर्णायक सामना खेळणार होता. आणि त्याचा कप्तान होता एर्गशचा मुलगा, जवलोन.

म्हणून तर पुलाव होता. जवलोनचं लग्न कापसाची वेचणी संपली की व्हायचं होतं. मुलीचा बाप शारिफजोन बाजारातला कापडवाला. त्याने आपल्या गल्लीची बसभर माणसं सामन्याला न्यायची ठरवली होती. ताश्कंदच्या एका मोठ्या संघाचे लोक खास जवलोनला बघायला येणार होते. एर्गशने आयुष्यभर भावाचं नाव ऐकलं होतं. रोटी घ्यायला आलेला माणूससुद्धा आधी विचारणार, तोल्किन कसा आहे. आज पहिल्यांदा लोक त्याला त्याच्या पोराबद्दल विचारत होते, आणि त्याची छाती फुगली असेल तर त्याला मी तरी हसणार नाही.

शारिफजोन आला, बसला. बहीण मुकर्रम आली. ही तोल्किनपेक्षा मोठी, शाळेत भूगोल शिकवते आणि घरातही छडी खाली ठेवत नाही. जवलोन कडेला, गादीच्या टोकाशी बसला होता, मांडीवर पातळ रजई ओढून. सकाळ गार होती, कुणाला काही वाटलं नाही.

मग तोल्किन आला. उंच, केस पांढरे, संघाचं निळं जाकीट. सगळ्यांना सलाम करता करता त्याने वेलाखाली नजर टाकली. तिथे काही नव्हतं. त्याने भावाकडे बघितलं. एर्गश कढईतला लसूण काढण्यात दंग होता.

"मी उभाच बरा," तोल्किन म्हणाला. "लगेच निघायचंय."

झालं. एवढा मोठा माणूस उभा म्हटल्यावर शारिफजोन कसा बसणार? तो उठला. व्याही उठल्यावर यजमान कसा बसेल? एर्गश उठला. मग मुकर्रम, मग मी. ओट्यावर पुलाव वाफाळतोय आणि आम्ही सगळे चहाचे वाडगे हातात घेऊन बसची वाट बघत असल्यासारखे उभे. एकटा जवलोन बसून होता. थोरली माणसं उभी आणि हा बसलेला, हे बघून मुकर्रमच्या कपाळाला आठी पडली. पण व्याह्यांसमोर ती बोलली नाही. तणतणत कोठीत गेली, खुर्ची उचलून आणली, वेलाखाली आदळली आणि दगड पायाने सरकवून नीट बसवला. "बस रे बाबा," ती तोल्किनला म्हणाली, "म्हणजे आम्हाला बसता येईल."

सगळे बसले. एर्गशचा चेहरा मात्र उतरला. मुकर्रम नेहमीच धाकट्याची बाजू घेते, हे त्याचं जुनं दुखणं. मामतकुल गेला तेव्हा सातव्या दिवशीच्या पठणाला अख्खी गल्ली खाली बसली होती आणि तोल्किन मागे खुर्चीवर. तेव्हाही मुकर्रमच म्हणाली होती, असू दे, दमून आलाय. एर्गशला ते आजवर पचलं नव्हतं. आजारपणात बापानेच त्याच्यापाशी एकदा तोंड उघडलं होतं, की धाकट्याला आता आपल्या जमिनीची लाज वाटते. ते ओझं घेऊन म्हातारा गेला. मॉस्कोने भाऊ बिघडवला, हे एर्गशने मनाशी केव्हाच पक्कं केलं होतं. मशिदीत हा अगदी मागे उभा राहतो आणि लवकर सटकतो. जेवायला खुर्ची लागते. आणखी काय पुरावा हवा?

पुलाव वाढून झाल्यावर एर्गशने घसा साफ केला. व्याह्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो भावाला म्हणाला, आता तुझ्या तोंडूनच सांग, आज आमचा कप्तान कुठल्या जागी खेळणार.

तोल्किनने वाडगा गुडघ्यावर टेकवला. "जवलोन आज खेळणार नाही," तो म्हणाला.

एर्गश आधी हसला. चेष्टा वाटली त्याला. मग कुणीच हसत नाही हे त्याच्या लक्षात आलं. शारिफजोनने घास तोंडाशी नेलेला, तो तसाच ताटात ठेवला. एर्गशने कारण विचारलं. तोल्किन म्हणाला, कारण माझ्यापाशी आहे. एर्गशने पुन्हा विचारलं. उत्तर तेच.

"तुझ्यापाशी नेहमी कारणं असतात," एर्गश म्हणाला, आणि त्याचा आवाज चढला नाही, खाली गेला. ते जास्त वाईट होतं. "ताश्कंदवाले आज माझ्या पोराला बघायला येतायत. तुला नाही, त्याला. आणि आजच नेमका तू त्याला बसवतोस. उद्या गावात 'तो गोल' म्हटल्यावर लोकांनी विचारलं, कुठला, तर तुझ्या पोटात दुखेल, हेच ना?"

मुकर्रमही उलटली. आजवर तिने तोल्किनला सांभाळून घेतलं होतं, त्याचे बूट लहानपणी तिने पुसले होते. पण भाच्याच्या तोंडचा घास काढणारा मामा, काका कुणी असो, तिला खपत नाही. तिने त्याला सरळ सांगितलं, की तू उंचावर बसून बसून आता खालची माणसं तुला दिसेनाशी झालीयत. तोल्किन ऐकून घेत होता. मधेच त्याचा फोन वाजला. गिरणीचे डायरेक्टर, म्हणजे संघाचे मालकच. बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती. पलीकडचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू येत होता. तोल्किन एवढंच म्हणाला, "हो साहेब, निर्णय माझाच. खुर्ची तुमचीच आहे, कधीही घ्या." आणि फोन खिशात ठेवला.

इथे एक सांगून टाकतो, म्हणजे वाचणाऱ्याचा जीव उगाच टांगणीला नको. त्या दुपारचा सामना बरोबरीत सुटला, आपला संघ वर गेला नाही, आणि डायरेक्टरसाहेबांनी त्यांची खुर्ची खरंच काढून घेतली. पण सामना आता गुलतेपात कुणाला धड आठवत नाही. सकाळचं आठवतं.

तोल्किनला एका वाक्यात सगळं थांबवता आलं असतं. परवाच्या सरावात जवलोनने वळताना जमिनीवर पाय कसा टेकवला, ते त्याने पाहिलं होतं, आणि पाहता क्षणी त्याच्या स्वतःच्या गुडघ्यात कळ गेली होती. पण समोर शारिफजोन. मुलाचा पाय अधू, हे मुलीच्या बापाने ऐकलं तर दुपारच्या आत ते बाजारात, आणि बाजारातून ताश्कंदवाल्यांच्या कानात. पोरगं खेळायच्या आधीच खेळातून उठायचं. त्यापेक्षा काका जळका ठरलेला परवडला. त्याला लोकांच्या बोलण्याची सवय होती.

आणि जवलोन? त्याने रजईखाली गुडघा दोन्ही हातांनी धरला होता. सकाळी ओळखीच्या औषधवाल्याकडून दुखणं बधिर करणारी सुई टोचून घेतली होती, ती उतरायला लागली होती. दुपारी मैदानावर जायच्या आधी दुसरी घ्यायची, असा त्याचा बेत. काकांचा गोल त्याने फोनवर इतक्या वेळा पाहिला होता की पट्टीचे वेढेसुद्धा त्याला पाठ होते. काकांनी केलं ते आपणही करायचं, यापलीकडे त्याला काही दिसत नव्हतं. पण काका सांगत का नाहीत, हे त्याला कळलं होतं. आपल्यासाठी ते शिव्या खातायत आणि आपण रजईत पाय लपवून बसलोय, याची त्याला भयंकर लाज वाटत होती.

तेवढ्यात होजर आया आतून आली. बाहेरचं भांडण तिने ऐकलं होतं, पण तिचा नियम असा की आधी रोटी, मग भांडण. फडक्यात गरम रोट्यांची चळत होती. ती एकेक रोटी दस्तरखानावर मांडत वरून खाली येत गेली. जवलोनपाशी आली आणि थांबली. रजईच्या टोकातून त्याचा पाय बाहेर आला होता, सरळ, दस्तरखानाच्या दिशेने.

"पाय आत घे," ती म्हणाली. "रोटी ठेवतेय."

जवलोन पाय हलवायला गेला. तो हलला नाही. त्याने दोन्ही हातांनी धरून ओढला, तसा त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला आणि कपाळावर घाम आला. आया बघत राहिली. मग ती हळूच खाली वाकली, रजई बाजूला केली. गुडघ्यावर चांगली मोठ्या कांद्याएवढी सूज होती.

हलीमा दारातून धावत आली. एर्गश उभा राहिला, बसला, परत उभा राहिला. त्याने आधी पोराच्या गुडघ्याकडे बघितलं, मग भावाकडे. मघाशी आपण काय काय बोललो ते आता त्याला सगळं एकदम आठवत असणार. शारिफजोनने डोळे ताटात घातले.

जवलोनला मात्र आता लपवायचं काही उरलं नव्हतं. तो काकांकडे वळला. "मी खेळू शकतो, काका," तो म्हणाला. "तुम्ही खेळला होतात. असाच पाय होता तुमचा. अख्खं गाव सांगतं."

"खेळलो होतो," तोल्किन म्हणाला. "म्हणून तर खुर्चीवर बसतो."

आम्हाला कुणालाच लगेच कळलं नाही. मला तर खुर्चीचा आणि गोलाचा काय संबंध, हेच उमगेना. मुकर्रमला आधी कळलं असावं, कारण तिने तोंडावर हात धरला. एर्गश म्हणाला, नीट सांग. मग तोल्किनने सांगितलं, अगदी साधेपणाने, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं. त्या दिवशी मध्यंतराला त्यालाही सुई टोचली होती. गोल झाला. दुसऱ्या दिवशी गुडघा उघडला तेव्हा आत जोडण्यासारखं फारसं राहिलं नव्हतं. मॉस्कोत दोनदा कापला. चालता येतं, उभं राहता येतं, खुर्चीवर बसता येतं. पण मांडी घालण्याइतका तो गुडघा त्यानंतर कधी वाकला नाही.

"मग पाय लांब करून बसायचंस," एर्गश म्हणाला. त्याचा आवाज त्याचा वाटत नव्हता. "आपल्याच घरात कुणी काय म्हणणार होतं?"

"बाबांच्या रोटीकडे पाय करून, आका?" तोल्किनने थोरल्या भावाला विचारलं.

एर्गशने दस्तरखानावरच्या रोट्यांकडे बघितलं.

"आणि सांगायचं तरी कुठल्या तोंडाने?" तोल्किन म्हणाला. "बाबा म्हणाले होते, पायच घालवून बसशील. आणि त्या गोलाला त्यांनी गल्लीभर रोट्या वाटल्या. माझ्या नावाने. आयुष्यात एकदाच. त्यांना नंतर जाऊन सांगू, की तो गोल केला आणि पाय गेला? मला वाटलं, गर्विष्ठ म्हणतील तर म्हणू देत."

बापाचे ते शब्द, की धाकट्याला जमिनीची लाज वाटते, एर्गशच्या अगदी ओठांवर आले होते. त्याने ते गिळले. ते भावाला त्याने आजतागायत सांगितलेले नाहीत. मला सांगितले ते खूप नंतर, आणि सांगताना तो रडला. ओट्यावर मात्र तो रडला नाही, नुसता उभा राहिला. मी तोल्किनकडे बघत होतो. या माणसाचा दरारा मी लहानपणापासून मानत आलो होतो, तो त्या गोलापायी. त्या सकाळी कळलं, की गोल त्यामानाने सोपा होता. एवढी वर्षं हा माणूस दर जेवणाला सगळ्यांच्या डोळ्यांवर येत उंच बसला, आणि एकदाही म्हणाला नाही की माझा पाय दुखतो.

शारिफजोनने मान वर केली. सगळ्यांचे डोळे त्याच्याकडे लागले होते, हलीमाचे तर पाणावलेले. त्याने दाढीवरून हात फिरवला. "मी बाजारात कापड विकतो," तो म्हणाला. "बातम्या नाही. आणि लग्नात नवरा मुलगा खुर्चीवरच बसतो. मला कसली अडचण?"

हलीमाने तिथेच डोळ्यांना पदर लावला. तोल्किन जवलोनला म्हणाला, वसंतापर्यंत हा पाय माझा, तुझा नाही. ताश्कंदवाल्यांशी मी आजच बोलतो, त्यांनी वसंतात यावं. माझ्या शब्दाखातर ते या पोरासाठी पुन्हा येतील. जवलोन खाली मान घालून बसला होता. त्याने एकदाच हो म्हटलं. तो हो म्हणताना किती लहान दिसला, ते त्याच्या आईलाही सहन झालं नसावं, ती आत निघून गेली.

होजर आया अजून जवलोनपाशीच उभी होती. तिच्या डोक्यात काय चाललं होतं ते नंतर तिनेच मुकर्रमला सांगितलं. ती खिळे मोजत होती. पहिल्या खिळ्याची रोटी त्याने इथे ओट्यावर मांडी घालून संपवली होती. दुसऱ्या खिळ्याची रोटी, त्या गोलानंतरची, त्याने दारात उभ्याने संपवली, घाई आहे म्हणून. तिसऱ्याला ही खुर्ची आली. आपण आई, आणि आपल्याला दिसलं नाही.

ती वाकली. मघाशी मांडलेल्या रोट्या एकेक करून परत उचलायला लागली. जवलोनच्या पुढची, व्याह्यांच्या पुढची, माझ्या पुढची, तोडलेली, अख्खी, सगळ्या. मुकर्रम मदतीला सरकली, तर तिने नजरेनेच तिला थांबवलं. पदरात सगळ्या रोट्या गोळा झाल्यावर ती सरळ झाली. या वयात तिला सरळ व्हायला वेळ लागतो. दस्तरखानावर आता पुलाव होता, चहा होता, डाळिंबं होती. रोटी एकही नव्हती.

"आता रोटी खाली नाही," ती म्हणाली. "ये. बस."

"आया, तुम्ही उभ्या राहणार?"

"मी राहीन उभी. तू किती उभा राहिलास ते मी विचारलं का? बस."

तोल्किन खुर्चीवरून उठला. एर्गशने पुढे होऊन हात दिला, तंदुराने भाजून भाजून काळा पडलेला हात, आणि तोल्किनने तो धरला. जमिनीवर टेकताना त्याच्या तोंडातून एक बारीक आवाज निघाला, तो आम्ही सगळ्यांनी ऐकला आणि कुणीच ऐकल्यासारखं केलं नाही. तो जवलोनच्या शेजारी बसला आणि त्याने पाय लांब केला, दस्तरखानाकडे. काकाचा एक पाय, पुतण्याचा एक पाय, शेजारी शेजारी. एर्गशने कढईतला सगळ्यात चांगला तुकडा काढून भावाच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः त्याच्या खांद्याला खांदा लावून बसला.

बाहेर संघाची बस आली आणि तिने भोंगा वाजवला. तोल्किनने निघायची चुळबुळ केली, तशी होजर आया म्हणाली, आधी खा. भोंगा दुसऱ्यांदा वाजला. ती पदरातल्या रोट्या पोटाशी धरून तशीच उभी राहिली, आणि त्याचं ताट संपेपर्यंत तिने त्या खाली ठेवल्या नाहीत.